घरच्या सर्व्हरवर फीड वाचक: फ्रेशआरएसएस घ्यावे की मिनिफ्लक्स?

कृष्णाकाठ

नमस्कार. सुमारे दीडशे संकेतस्थळांचे फीड (नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी) मी एका विनामूल्य सेवेवर वाचत आलो आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मराठी अनुदिन्या आहेत. बाकी काही दैनिकांची संपादकीय पाने, शेती आणि हवामानविषयक संकेतस्थळे, थोड्या यूट्यूब वाहिन्या आणि माझ्या कामाशी संबंधित इंग्रजी लेखन. आता त्या सेवेने विनामूल्य खात्यावरील स्रोतांची संख्या मर्यादित केली असून शोधाची सोय सशुल्क केली आहे. पैसे देण्याला माझी हरकत नाही. पण १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा बंद झाली तेव्हापासून आपल्या वाचनाची यादी दुसऱ्याच्या दारात ठेवावी का, ही शंका मनातून गेलेली नाही. म्हणून हे सर्व घरीच उभे करावे असे ठरवले आहे.

घरी ४ जीबी मेमरीचा एक जुना लॅपटॉप पडून आहे आणि त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवलेले आहे. डॉकर (तयार 'प्रतिमे'वरून कार्यक्रम स्वतंत्र 'कंटेनर'मध्ये चालवण्याची सोय) मी कामचलाऊ वापरू शकतो. डेटाबेसची देखभाल मात्र माझा प्रांत नव्हे. पत्नीचे वाचन माझ्याहून वेगळे असल्याने दोघांची खाती स्वतंत्र हवीत. माझे बरेचसे वाचन सांगली-पुणे रेल्वेत होते आणि आदर्कीच्या घाटात नेटवर्क हमखास जाते, त्यामुळे लेख आधीच फोनवर उतरलेले असणे मला आवश्यक आहे. आमच्या भागात आठवड्यातून एकदा देखभालीसाठी काही तास वीज बंद असते, तेही लक्षात घ्यावे लागेल.

शोधाशोध केल्यावर फ्रेशआरएसएस आणि मिनिफ्लक्स या दोन फीड वाचक कार्यक्रमांची नावे सतत समोर येतात. यांतील कोणते निवडावे, जुना लॅपटॉप पुरेल की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्यावा, आणि घराबाहेरून या सर्व्हरपर्यंत सुरक्षितपणे कसे पोहोचावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ओसरी

दोन्ही कार्यक्रम उत्तम आहेत आणि दोन्हींची बाह्यरूपे पाहून निवड केली तर निर्णय कधीच होणार नाही. निवड डेटाबेसवरून करावी असे माझे मत आहे. मिनिफ्लक्स केवळ पोस्टग्रेएसक्यूएलवर चालते. त्याला दुसरा पर्याय ठेवलेला नाही आणि तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. फ्रेशआरएसएस पीएचपीमध्ये लिहिलेले असून ते पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांवर चालतेच, शिवाय एसक्यूलाइटवरही चालते, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याचा सगळा संग्रह एका साध्या फाइलीत राहतो. दोन माणसे आणि दीडशे फीड एवढ्या व्यापाला एसक्यूलाइट पुरून उरते. डेटाबेसची देखभाल हा आपला प्रांत नाही असे तुम्हीच लिहिले आहे, त्यामुळे माझे उत्तर निःसंदिग्धपणे फ्रेशआरएसएस हे आहे.

रास्पबेरी पाय घेऊ नका. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, म्हणजे वीज गेल्यावर डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडण्याची भीती जवळजवळ राहत नाही. उलट रास्पबेरी पाय मेमरी कार्डावर चालवला तर सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेसमुळे कार्ड झिजते आणि वीज अचानक गेल्यास फाइल प्रणाली बिघडण्याची शक्यता वाढते. विजेचा हिशेब करायचा तर पडदा बंद असलेला जुना लॅपटॉप १५ वॅट घेतो असे धरले, तरी महिन्याला ११ युनिटांच्या आत खर्च येतो. तेवढ्यासाठी नवे यंत्र, त्याचा अडॅप्टर, केस आणि कार्ड विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. मात्र दोन गोष्टी आधी करून घ्या. एक म्हणजे झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून सिस्टमडीच्या लॉगिन-विषयक मांडणीत झाकणाच्या कळीचा परिणाम 'दुर्लक्ष करा' असा ठेवा. दुसरी म्हणजे, तुमच्या लॅपटॉपमध्ये सोय असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर चार्ज होऊन थांबेल असे करा. वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांवर लावून ठेवलेली बॅटरी फुगू शकते आणि फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप घरात चोवीस तास चालू ठेवणे योग्य नव्हे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो लावलात तर देखभालीच्या दिवशीही जोडणी टिकेल.

आता प्रत्यक्ष उभारणीविषयी. फ्रेशआरएसएसची अधिकृत डॉकर प्रतिमा वापरा आणि तिच्यातील डेटा व एक्स्टेन्शन्स या दोन्ही फोल्डरांना बाहेरचे कायमचे स्थान जोडून द्या. हे केले नाही तर पुढच्या अपडेटच्या वेळी कंटेनर नव्याने तयार होईल आणि सगळी वर्गणी, सगळ्या खुणा त्याच्याबरोबर जातील. कालविभाग आशिया-कोलकाता असा द्या. त्यानंतरचे चल (कंटेनरला द्यायची मांडणीची नोंद) म्हणजे 'क्रॉन-मिन', आणि नवे लोक येथेच अडकतात: हे चल दिलेच नाही तर फीड आपोआप ताजे होत नाहीत, पान उघडून हाताने ताजे करावे लागते आणि माणसाला वाटते की कार्यक्रमच बिघडला आहे. त्यात तासातील मिनिटे लिहायची असतात. शून्य आणि तीस असे गोल आकडे न देता १३ आणि ४३ असे काही तरी आडवेतिडवे द्या, कारण जगातील सगळे वाचक बरोबर तासाच्या ठोक्याला त्याच संकेतस्थळांवर जाऊन धडकतात. अर्धा तास ठेवला म्हणजे प्रत्येक फीड अर्ध्या तासाने उतरतो असे मात्र नाही. प्रत्येक फीडला स्वतःची किमान मुदत असते, ती मुळात एक तासाची असते आणि फीडनिहाय बदलता येते.

जुन्या सेवेतून ओपीएमएल फाइल (फीडची यादी नेण्या-आणण्याची फाइल) उतरवून घ्या आणि फ्रेशआरएसएसमध्ये आयात करा. ओपीएमएलमधून केवळ स्रोतांची यादी आणि त्यांचे वर्ग येतात. वाचलेले-न वाचलेले आणि तारांकित लेख येत नाहीत. तारांकित लेखांची वेगळी निर्यात तुमच्या सेवेत मिळत असेल तर खाते बंद करण्यापूर्वी ती घेऊन ठेवा.

फोनसाठी प्रशासनाच्या प्रमाणीकरण विभागात जाऊन एपीआयला (बाहेरच्या ॲपने सर्व्हरशी बोलण्याच्या दाराला) परवानगी द्यावी लागते आणि मग प्रत्येकाने आपापल्या प्रोफाइलमध्ये एपीआयचा स्वतंत्र पासवर्ड ठरवायचा असतो. नेहमीचा पासवर्ड ॲपमध्ये टाकून 'लॉगिन होत नाही' अशी तक्रार करणारे येथे दर महिन्याला कोणी ना कोणी असतेच. गंमत अशी की हा एपीआय गूगल रीडरचाच आहे. मूळ सेवा बंद होऊन एक तप उलटले, तरी तिची बोली आजही बहुतेक फीड ॲपना येते आणि म्हणूनच फोनवरील ॲप निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याला उरले आहे.

बिनचूक_बायनरी

ओसरी यांच्या निष्कर्षाशी माझा मतभेद आहे, जरी त्यांनी सांगितलेली वस्तुस्थिती बरोबर आहे. मिनिफ्लक्स गो भाषेत लिहिलेले असून संपूर्ण कार्यक्रम एकाच बायनरीत येतो. पीएचपी, वेब सर्व्हर, त्यांच्या आवृत्त्या आणि त्यांचे आपसांतले रुसवे यांचा प्रश्नच उद्भवत नाही. फीडमध्ये बातमीच्या चारच ओळी येत असतील तर 'मूळ मजकूर आणा' एवढी एक खूण केल्यावर ते मूळ पानावर जाऊन लेखाचा मजकूर वेगळा काढून आणते. फ्रेशआरएसएसमध्ये हेच करण्यासाठी लेख पानाच्या कोणत्या भागात आहे ते सीएसएस निवडक लिहून सांगावे लागते, आणि संकेतस्थळाची रचना बदलली की तो निवडक पुन्हा लिहावा लागतो. लेखांत दडवलेली माग काढणारी चित्रेही मिनिफ्लक्स काढून टाकते. त्याचा चेहरा रुक्ष आहे हे मान्य, पण मी वाचायला बसतो तेव्हा मला चेहरा नको, मजकूर हवा असतो.

पोस्टग्रेएसक्यूएलची भीती अवास्तव आहे, फक्त एक पथ्य पाळावे लागते. डॉकरमध्ये पोस्टग्रेची प्रतिमा घेताना 'लेटेस्ट' असे कधीही लिहू नका, मुख्य आवृत्तीचा आकडा लिहा. १६ व्या आवृत्तीने तयार केलेले डेटा फोल्डर १७ वी आवृत्ती तशीच्या तशी उघडत नाही. जुन्या आवृत्तीतून पूर्ण डम्प (सगळ्या माहितीची निर्यात) काढून नव्या आवृत्तीत भरावा लागतो. १८ व्या आवृत्तीपासून तर डॉकर प्रतिमेतील डेटा फोल्डरचा मार्गही बदलला आहे. जे लोक रात्री स्वयंचलित अपडेट लावून झोपतात आणि सकाळी 'मिनिफ्लक्स बंद पडले' असे लिहितात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा मिनिफ्लक्स ठीक असते, खालची जमीन सरकलेली असते.

मिनिफ्लक्सचा एक स्वभाव मात्र आधी माहीत असावा. वाचलेले लेख ते मुळात ६० दिवसांनी आणि न वाचलेले १८० दिवसांनी काढून टाकते. तारांकित लेख राहतात. कायमचा संग्रह हवा असेल तर हे आकडे मांडणीत बदलून घ्या.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. लॅपटॉपचा निर्णय पक्का झाला. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसतो, तर संकेतस्थळांवर तपासल्यास वेगळाच पत्ता येतो. म्हणजे राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून उपयोग होणार नाही असे कोणीतरी सांगितले. ते खरे आहे का? माझा फोन अँड्रॉइड आहे आणि पत्नीचा आयफोन. आणखी एक विचारायचे राहिले: मराठी मजकुरात शोध कितपत नीट चालतो? मला जुने लेख पुन्हा पुन्हा शोधावे लागतात, त्यामुळे कदाचित निवड त्यावरच ठरेल.

तारघर

तुमच्या पत्त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्यामध्ये असेल तर तुम्ही निश्चितपणे सीजीनॅटच्या मागे आहात. हा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला: आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते, आणि तुमच्या राउटरवर उघडलेले पोर्ट कंपनीच्या राउटरपलीकडे कोणालाच दिसत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता बहुतेक कंपन्या वेगळे शुल्क घेऊन देतात. पण तो घेऊ नका, असे मी सांगेन, कारण तुमच्या वापराकडे पाहता सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसण्याची गरजच नाही.

तुम्ही रेल्वेत वाचता आणि तेथे नेटवर्क नसते असे तुम्हीच म्हणता. म्हणजे फोनवरील ॲप सकाळी घरच्या वाय-फायवर असताना सर्व्हरशी जुळवून घेते, लेख आणि चित्रे उतरवून ठेवते, तुम्ही दिवसभर वाचता, आणि संध्याकाळी घरी आल्यावर काय वाचले ते सर्व्हरला कळवते. या संपूर्ण चक्रात बाहेरून घरी यावे लागत नाही. फीड वाचक आणि छायाचित्रांचा संग्रह यांत हा मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न घेता लोक पहिल्याच दिवशी डोमेन, रिव्हर्स प्रॉक्सी आणि प्रमाणपत्रे यांच्या मागे लागतात. ॲप निवडताना ते केवळ मथळे नव्हे तर पूर्ण मजकूर आणि चित्रे आधीच साठवते का, एवढे तपासा. अँड्रॉइडवर फीडमी आणि रीडड्रॉप्स ही ॲप फ्रेशआरएसएसशी बोलतात. आयफोनवर नेटन्यूजवायर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. राउटरमध्ये लॅपटॉपसाठी घरातला पत्ता कायमचा राखून ठेवा, नाही तर राउटर पुन्हा चालू झाल्यावर पत्ता बदलेल आणि दोन्ही फोन सर्व्हरला शोधत बसतील.

तरीही कधी मुक्काम पडतो आणि बाहेरून पाहावेसे वाटते, त्यासाठी टेलस्केल ही व्हीपीएन (खाजगी जाळे) सेवा पुरेशी आहे. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेले असून सीजीनॅटच्या मागूनही चालते आणि वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य आहे. लॅपटॉपवर आणि दोन्ही फोनवर ते बसवले की ही तीन यंत्रे एका खाजगी जाळ्यात येतात. बाहेरच्या कोणाला सर्व्हर दिसतही नाही. टेलस्केलही आपल्या यंत्रांना त्याच १०० च्या पट्ट्यातील पत्ते देते, तेव्हा राउटरच्या पानावरचा पत्ता आणि टेलस्केलचा पत्ता यांत गल्लत करू नका. त्याच्या 'सर्व्ह' या सोयीने सर्व्हरला वैध एचटीटीपीएस प्रमाणपत्रासह नाव मिळते, आणि आयफोनवरील काही ॲप साध्या एचटीटीपी पत्त्याला नकार देत असल्याने त्याचा घरातही उपयोग होतो. मात्र फ्रेशआरएसएसच्या मांडणीत मूळ पत्ता म्हणून हेच नाव लिहा, आणि नंतर त्याच्या एपीआयच्या पानावर जाऊन चाचणी उत्तीर्ण होते आहे ना ते पाहा. ॲप जोडण्याआधी हे पान पाहिले तर निम्मे प्रश्न तेथेच सुटतात.

एक अडचण सांगून ठेवतो. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालू राहू शकते. फोनवर कार्यालयाचे व्हीपीएन असेल तर ते सुरू करताच टेलस्केल बंद होईल. क्लाउडफ्लेअर कंपनीमार्फत घरचा सर्व्हर इंटरनेटवर आणणाऱ्या तिच्या बोगद्याचा पर्यायही येथे कोणीतरी सुचवेल. त्यासाठी स्वतःचे डोमेन लागते, तुमची वाहतूक त्यांच्याकडे उलगडली जाते आणि लॉगिनचे पान जगाला दिसते. दोन माणसांच्या वाचनासाठी मला हा व्यवहार पटत नाही.

रफार

मराठी शोधाचा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले, कारण तुलनेच्या इंग्रजी लेखांत याचा उल्लेखही नसतो.

मिनिफ्लक्स शोधासाठी पोस्टग्रेएसक्यूएलचा पूर्ण-मजकूर शोध वापरते, आणि तो शब्द हे एकक धरतो. इंग्रजीत शब्दाचे मूळ रूप काढण्याचे नियम त्यात आहेत, मराठीसाठी नाहीत. त्यामुळे तुम्ही 'पाऊस' शोधलात तर 'पावसाने', 'पावसाचा', 'पावसामुळे' यांतील एकही लेख सापडत नाही. फ्रेशआरएसएस एसक्यूलाइटवर असताना साधा अंशतः जुळणारा शोध करते, म्हणजे अक्षरांची तीच साखळी कुठेही आली तरी लेख सापडतो. त्याचा फायदा असा की सामान्यरूपाचा भाग शोधायचा: 'पाऊस' आणि 'पावस' हे दोन शब्द मध्ये इंग्रजी 'ऑर' घालून लिहिले की जवळजवळ सगळे येते. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बातम्याही येतात, त्याला इलाज नाही. विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येणाऱ्या आपल्या भाषेसाठी हा अडाणी शोधच अधिक उपयोगी ठरतो. एवढ्या एका कारणासाठी मी फ्रेशआरएसएसच्या बाजूने मत देईन.

दुसरी अडचण दोन्हीकडे आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि 'य' असतो. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक आणि 'य' असतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन भिन्न साखळ्या आहेत. कोणत्या संकेतस्थळावर कोणती रीत येईल हे तेथील टंकलेखकाच्या कळफलकावर अवलंबून असते. शेतीविषयक स्रोतांवर तुम्ही 'शेतकऱ्यांना' असा पूर्ण शब्द देऊन लेख गाळण्याचा नियम लावलात, तर काही लेख विनाकारण निसटतील. 'शेतक' एवढाच भाग द्या. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'कोऱ्या' असे शब्दही याच जातीचे. 'ॲ' या अक्षराचीही हीच कथा आहे: कोणी ते एकसंध अक्षर म्हणून लिहितात, कोणी 'अ' वर चंद्र देऊन.

वेळेचाही एक घोळ तुमच्या नजरेस पडेल, तेव्हा तो सर्व्हरचा दोष समजू नका. आरएसएसमधील तारखेची रीत ईमेलच्या जुन्या मानकावरून आली आहे. त्यात 'जीएमटी' हे नाव चालते, पण 'आयएसटी' हे नाव नाही, भारतीय वेळ अधिक ०५३० अशा आकड्यांतच लिहावी लागते. काही भारतीय संकेतस्थळे घड्याळातील भारतीय वेळ लिहून पुढे सरळ 'जीएमटी' जोडतात. परिणामी संध्याकाळी साडेसहाला आलेली बातमी मध्यरात्री बारा वाजताची म्हणून दिसते, आणि मिनिफ्लक्समध्ये प्रकाशनवेळेनुसार क्रम असेल तर ती यादीच्या टोकाला ठाण मांडून बसते. तेथे क्रम 'नोंद मिळाल्याच्या वेळेनुसार' करता येतो. फ्रेशआरएसएस मुळातच लेख मिळाल्याच्या क्रमाने मांडते.

फीडचे पत्ते सापडत नसतील तर, ब्लॉगरवरील अनुदिनीच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन 'फीड्स', 'पोस्ट्स' आणि 'डीफॉल्ट' हे तीन इंग्रजी शब्द तिरप्या रेघांनी जोडा; वर्डप्रेसवर केवळ 'फीड' पुरते. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये ६४ व्या आवृत्तीत फीडची सोय काढून टाकल्यापासून पुष्कळांना हे पत्ते असतात हेच ठाऊक नसते, आणि कित्येक अनुदिनीकारांना आपल्या लेखनाचा फीड निघतो याची कल्पनाही नसते. तुमच्या जुन्या यादीत फीडबर्नर या मधल्या सेवेचे पत्ते असतील तर आयात करताना ते काढून मूळ पत्ते घाला, मधला दुवा जितका कमी तितका बरा. एखाद्या अनुदिनीचा फीड अर्धवट येत असेल, तर पूर्ण मजकूर ओढण्याचे तंत्र लावण्याआधी लेखकाला एक पत्र लिहून पाहा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत 'संपूर्ण' की 'संक्षिप्त' ही मांडणी मालकाच्या हाती असते, आणि विनंती केल्यावर बहुतेक जण आनंदाने ती बदलतात.

ओसरी

रफार यांनी दिलेली शोधाची माहिती मोलाची आहे. मी फक्त बॅकअप आणि वारंवारिता यांविषयी पुरवणी जोडतो.

एसक्यूलाइटची फाइल चालू स्थितीत साध्या कॉपीने उचलू नका. त्याच क्षणी फीड ताजे होत असतील तर प्रत विसंगत निघू शकते. फ्रेशआरएसएसच्या आज्ञासंचात डेटाबेसची सुरक्षित प्रत काढणारी आज्ञा आहे, ती रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीने) चालवा आणि त्यानंतर संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. ओपीएमएलची निर्यात मात्र वेगळी, महिन्यातून एकदा, स्वतःला ईमेलने पाठवून ठेवा. उद्या लॅपटॉप गेला, फ्रेशआरएसएस नको झाले, पुन्हा एखादी सशुल्क सेवा घ्यावीशी वाटली, तरी ती काही किलोबाइटची फाइल कोणत्याही फीड वाचकात उघडते.

वारंवारितेबाबत थोडी सभ्यता पाळावी. चांगला फीड वाचक मागील वेळी मिळालेली खूण सर्व्हरला दाखवतो आणि 'यानंतर काही बदलले असेल तरच द्या' असे सांगतो. बदल नसेल तर ३०४ हा क्रमांक येतो आणि मजकूर पुन्हा पाठवला जात नाही. फ्रेशआरएसएस आणि मिनिफ्लक्स दोन्ही हे करतात. तरीही वर्षातून दोनदा लिहिणाऱ्या अनुदिनीला दर तासाला जागे करण्यात काही हशील नाही. अशा फीडना एक दिवसाची मुदत द्या. ४२९ हा क्रमांक दिसू लागला तर समोरचा सर्व्हर 'फार वेळा येता आहात' असे सांगतो आहे हे समजून मुदत वाढवा.

उलट बाजूने, दैनिकांची मुदत फार वाढवू नका. फीडमध्ये शेवटचे काही लेखच असतात: वर्डप्रेसवर मुळात १०, यूट्यूबच्या वाहिनीच्या फीडमध्ये १५. दिवसाला शंभर बातम्या टाकणाऱ्या दैनिकाच्या बाबतीत तुमचा सर्व्हर चार तास बंद राहिला, तर मधल्या बातम्या फीडमधून पुढे सरकून गेलेल्या असतात आणि नंतर त्या मिळत नाहीत. अनुदिन्यांचे मात्र आठवडाभर वीज नसली तरी बहुधा काही बिघडत नाही. म्हणून राउटरच्या यूपीएसचा खर्च तुम्ही दैनिके किती गांभीर्याने वाचता त्यावर ठरवा.

बिनचूक_बायनरी

'पावसाने'चा मुद्दा मान्य. मी मुख्यतः इंग्रजी लेखन वाचत असल्याने मला तो जाणवत नव्हता. मराठी शोध ही पहिली गरज असेल तर फ्रेशआरएसएसच घ्यावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एसक्यूलाइटसह फ्रेशआरएसएस, ८० टक्क्यांची बॅटरी, घरच्या वाय-फायवर जुळवणी आणि मुक्कामासाठी टेलस्केल असे ठरवले आहे. राउटरचा यूपीएसही घेतो, कारण सकाळची संपादकीये मी सोडत नाही. एक शेवटची शंका: ज्या पानांना फीडच नाही, उदाहरणार्थ एखाद्या संस्थेच्या परिपत्रकांची यादी, त्यांचे काय करावे?

तारघर

फ्रेशआरएसएसमध्ये स्रोत जोडताना प्रकार म्हणून 'एचटीएमएल आणि एक्सपाथ' निवडता येतो. यादीतील प्रत्येक ओळ कोणत्या घटकात आहे, त्या ओळीत मथळा, दुवा आणि तारीख कोठे आहेत, एवढे एक्सपाथमध्ये (पानातील घटकाचा मार्ग सांगण्याच्या रीतीत) लिहिले की त्या पानाचा फीड तयार होतो. परिपत्रकांची यादी बहुधा साध्या तक्त्यात असते, म्हणून हे काम वाटते तेवढे अवघड नाही. ब्राउझरमध्ये ओळीवर उजवी कळ दाबून घटक तपासा आणि मार्ग तेथून उचला; मात्र ब्राउझर सुचवतो तो लांबलचक मार्ग तसाच वापरू नका. त्यात ओळीचा क्रमांक अडकलेला असतो, आणि नवे परिपत्रक वर आले की तुमचा फीड त्याच जुन्या जागेकडे पाहत राहतो. तक्त्याचे नाव किंवा वर्ग धरून 'यातील प्रत्येक ओळ' असे लिहा. तारीख दिन-मास-वर्ष क्रमाने असेल तर तारखेचा साचाही स्वतंत्रपणे द्या, नाही तर ३ एप्रिलचे परिपत्रक ४ मार्चचे म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते.

तारखा निवडून 'शोधा' दाबल्यावरच जी यादी येते, किंवा जी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालल्यावरच भरते, तिच्यावर हा उपाय सहजासहजी चालत नाही, कारण सर्व्हरला मिळणाऱ्या मूळ पानात ती यादी नसतेच. तेथे चेंजडिटेक्शन हा मुक्तस्रोत कार्यक्रम वेगळ्या कंटेनरमध्ये, सोबत त्याचा ब्राउझर जोडून चालवता येतो. तो पानातील बदल टिपतो आणि त्यांचा आरएसएस फीड देतो, जो मग फ्रेशआरएसएसमध्ये नेहमीसारखा जोडायचा. ब्राउझरला मेमरी बरीच लागते, तेव्हा ४ जीबीच्या लॅपटॉपवर अशी पाने मोजकीच ठेवा आणि त्यांची तपासणी दिवसातून एकदाच होऊ द्या.